गायीचा कोरफडीचा लेप आणि आपला कुत्रा

चेन्नईच्या तामिळनाडू पशुवैद्यकीय व पशुविज्ञान विद्यापीठाने गायीच्या दगडीवर, म्हणजे कासदाहावर, एक पारंपरिक लेप पुढे आणला. २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना एकत्र वाटायचा. दूध पूर्ण काढून, कास धुऊन, लेप पाण्यात पातळ करून दिवसातून दहा वेळा असा पाच दिवस लावायचा. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही तो गोपालकांपर्यंत पोहोचवला.

हे ऐकून तोच लेप घरच्या कुत्र्याच्या जखमेवर लावावासा वाटतो. तसे करू नका. कुत्रा जखम चाटतोच, आणि चुना पोटात जातो. शिवाय पान कापताच गळणारा पिवळा, कडू चीक तीव्र रेचक असतो. त्याने कुत्र्या-मांजरांना उलट्या व जुलाब होतात.

किरकोळ खरचटले असेल, तर पान उभे ठेवून चीक निथळू द्यावा, साल काढून गर धुवावा आणि पातळ थर लावावा. तो सुकेपर्यंत प्राण्याजवळ बसावे. (नेमके हेच आपण टाळतो!) मांजर सतत अंग चाटते, तिला लावूच नये. जखम खोल असेल किंवा पू दिसला, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे.