शेडला कुलूप लावण्याआधी सीएनसीची बॅटरी बघा

ऑर्डर थांबल्या, मशीन वर्षभर झाकून ठेवायचं ठरलं, की आपण स्लाइडला ग्रीस लावतो, ताडपत्री टाकतो आणि मेन स्विच पाडतो. बॅटरी खरी खर्ची पडते ती तिथून पुढे. बऱ्याच फानुक कंट्रोलमध्ये पॅरामीटर आणि टूल ऑफसेट एसरॅम मेमरीत असतात. मेन चालू असेपर्यंत या मेमरीला पुरवठ्यातून वीज मिळते. तो बंद झाला की सगळा भार बॅटरीवर.

अंदाजे खर्च (दर दुकानागणिक बदलतात)

- कंट्रोलची ३ व्होल्टची लिथियम बॅटरी: ५०० ते २,००० रुपये.
- अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडरची बॅटरी: अनेक मशीनवर मोठे (डी साइझ) ४ अल्कलाइन सेल, मिळून ६ व्होल्ट, ६०० ते १,२०० रुपये.
- मेमरी कार्ड आणि अडॅप्टर: १,००० ते २,५०० रुपये.
- वीजजोडणी चालू ठेवली तर मशीन बंद असतानाही बिलातला स्थिर आकार दरमहा येतोच.

बंद करण्याआधी

१. पॅरामीटर, ऑफसेट, पिच एरर कॉम्पेन्सेशन, प्रोग्राम आणि लॅडर कार्डवर घ्या. दोन प्रती करा. एक शेडबाहेर ठेवा. पॅनेलच्या दारातल्या पॅरामीटर शीटचा फोटोही काढा.

२. दोन्ही बॅटऱ्या नव्या घाला. डी सेल बदलताना कंट्रोल चालूच ठेवा, नाहीतर होम पोझिशन जाईल. लिथियम बॅटरीसाठी मॅन्युअलमधला क्रम पाळा. बॅटरीवर तारीख लिहा.

३. प्रत्येक अक्ष होमला नेऊन स्लाइडवर खूण करा.

जोडणी असेल तर महिन्यातून एकदा मशीन काही तास चालू करा. स्क्रीनवर ‘बॅट’ लुकलुकू लागलं तर वर्ष भरायची वाट पाहू नका. अल्कलाइन सेल पाझरतात, म्हणून त्यांचा डबा दर भेटीत उघडून बघा.

नाही केलं तर?

इंजिनिअरची भेट, प्रवास, वर १८ टक्के जीएसटी. शिवाय बॅकअप नसेल तर मशीन बनवणाऱ्याकडून पॅरामीटर मागवावे लागतात. ते मिळाले तरी नंतर केलेली बॅकलॅशची दुरुस्ती आणि टूल चेंजरची जुळवणी त्यांत नसते. ती पुन्हा डायल लावून करावी लागते. एन्कोडरचे सेल संपले असतील तर कार्डवरची प्रत घालूनही होम नव्यानेच बसवावं लागतं. तेव्हा ती खूण कामी येते.

वापरलेलं मशीन विकत घेताय? पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे कार्ड मागा.