सोनाखानचा जमीनदार आणि रायपूरची छावणी

सन १८५७ च्या उठावाचा इतिहास सांगताना दिल्ली, कानपूर, लखनौ व झाशी या स्थळांवरच बहुधा दृष्टी खिळते. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा पूर्वेकडील भाग असलेल्या छत्तीसगढात त्याच काळी जे घडले, त्याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते.

तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. त्याबरोबर छत्तीसगढही कंपनीच्या प्रत्यक्ष अमलाखाली आला. रायपूरला डेप्युटी कमिशनर म्हणून चार्ल्स इलियट याची नेमणूक झाली. भोसल्यांच्या काळात डोंगराळ मुलखातील जमीनदारांना बरीच मोकळीक असे. नव्या राज्यकर्त्यांना ती मानवणारी नव्हती. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह हे अशांपैकीच एक होत. ते बिंझवार या आदिवासी जमातीचे होते.

१८५६ साली या भागात पाऊस पडला नाही आणि दुष्काळ ओढवला. रयतेची उपासमार होत असताना कसडोलच्या माखन नावाच्या व्यापाऱ्याची कोठारे मात्र धान्याने भरलेली होती. उधारीवर धान्य देण्याची विनंती त्याने नाकारली, तेव्हा नारायणसिंहांनी ती कोठारे फोडून धान्य लोकांना वाटून दिले आणि आपण काय केले हे स्वतःच इलियटला कळविले. चोराने असे पत्र लिहिले नसते. भुकेल्यांना अन्न देणे हे जमीनदाराचे कर्तव्य आहे, अशी त्यांची धारणा यातून दिसते. सरकारच्या लेखी मात्र हा दरोडाच होता. ऑक्टोबर १८५६ मध्ये संबळपूर येथे त्यांना पकडण्यात आले व रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले.

उत्तरेत उठाव पेटल्यावर, २८ ऑगस्ट १८५७ रोजी ते तुरुंगातून निसटले. छावणीतील काही शिपायांचे त्यांना साह्य होते, असे सांगतात. सोनाखानला परतून त्यांनी सुमारे ५०० माणसांची फौज उभी केली. लेफ्टनंट स्मिथ याने त्यांच्यावर चाल केली, तेव्हा शेजारचेच काही जमीनदार इंग्रजांच्या बाजूला होते. सोनाखान गाव जाळण्यात आले. अखेर नारायणसिंह स्वाधीन झाले आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपूर येथे त्यांना मृत्युदंड देण्यात आला.

शहरात दहशत बसावी हा या शिक्षेचा हेतू होता. पण तो फार काळ साधला नाही. १८ जानेवारी १८५८ च्या संध्याकाळी तिसऱ्या पलटणीतील हनुमानसिंह या मॅगझिन लष्कराने सार्जंट-मेजर सिडवेल याच्या घरात शिरून त्याला तलवारीने ठार केले आणि छावणीत येऊन सोबत्यांना उठावाची हाक दिली. तोफखान्यातील काही जण त्याला मिळाले. पायदळाचा मोठा भाग मात्र जागचा हलला नाही. काही तासांतच उठाव मोडला गेला. हनुमानसिंह इंग्रजांच्या हाती कधीच लागला नाही. पकडलेल्या १७ जणांना २२ जानेवारीस फाशी देण्यात आले. हवालदार गाझीखान, अब्दुल हयात, पन्नालाल, मातादीन, ठाकूरसिंह, अकबर हुसेन, परमानंद, नजर मोहम्मद, देवीदीन ही त्यांपैकी काहींची नावे. नुसत्या नावांवरूनही दिसते की, हिंदू व मुसलमान शिपाई या प्रसंगी खांद्याला खांदा लावून उभे राहिले होते.

हे दोन्ही प्रयत्न फसले, याची कारणे उघड आहेत. जमीनदारांत एकी नव्हती, आणि शिपाई उठले तेव्हा सोनाखान आधीच जळून गेले होते. एकाच वेळी झाले असते तर इंग्रजांना जड गेले असते, ते दोन उठाव सहा आठवड्यांच्या अंतराने झाले.

सराफांच्या पेढ्यांनी गजबजलेल्या सदर बाजारापासून थोड्याच अंतरावर असलेला रायपूरचा जयस्तंभ चौक आज नारायणसिंहांच्या बलिदानाशी जोडला जातो. १९८७ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्या १७ शिपायांची नावे मात्र अद्यापही फार थोड्यांच्या ओठी आहेत.