नवरात्र सरते, नेम सुटतो



नवरात्रात पाथर्डीहून मोहटादेवीला पायी जाणारे आपण, दसरा झाला की मळ्यापर्यंतही मोटारसायकलवर जातो. मोटेच्या जागी मोटारीचे बटण आले, अंगमेहनत घटली. खाणे आणि चहा मात्र तेवढाच राहिला. मग पोट सुटते, मागोमाग मधुमेह आणि रक्तदाब येतात. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि बाईची ८० च्या पुढे गेली की सावध व्हावे.

नऊ दिवस नेम का टिकतो? वेळ ठरलेली असते, सोबत असते, घरच्यांना ठाऊक असते. हेच वर्षभर लावावे. शेजाऱ्याला हाक मारून रोज पहाटे अर्धा तास झपझप चालावे.

साखर कारखान्याच्या पत्रिकेत लिहिताना आम्हालाही अवघड वाटते, पण खरे ते सांगितलेच पाहिजे. दिवसाला सहा कप चहा, कपाला दोन चमचे, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम साखर झाली. वरून घेतलेली साखर २५ ग्रॅमच्या आसपास ठेवल्यास अधिक बरे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवले. एकदम तोडू नये. आधी दोनाचा एक चमचा करावा.

वजन आठवड्यातून एकदाच करावे. ८० किलोच्या माणसाचे ४ किलो उतरले तरी गुण दिसतो. मधुमेहाच्या गोळ्या चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि एखादा दिवस चुकलाच तर? पाण्याची एक पाळी हुकली म्हणून आपण उभा ऊस मोडत नाही. पुढची पाळी धरतो. तसेच करायचे बघा.