ट्रॉमा थेरपिस्ट व्हायचंय? आधी पाया पक्का करा

मानसशास्त्र घेतलेली मुलं हल्ली विचारतात, ‘ट्रॉमा थेरपिस्ट कसं होता येईल?’ पालकांना वेगळीच काळजी असते: सतत इतरांचं दुःख ऐकून आपल्या मुलीचं काय होईल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

काम काय असतं?

मारहाण, लैंगिक अत्याचार वर्षानुवर्षं सोसलेल्या माणसाच्या जखमा एका अपघाताच्या धक्क्याहून वेगळ्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात (आयसीडी-११) अशा जखमांसाठी ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ (आघातानंतरच्या तणावविकाराचा गुंतागुंतीचा प्रकार) हे स्वतंत्र निदान आहे. असह्य अनुभवापासून मन स्वतःला तोडून घेतं, ते डिसोसिएशन. बोलता बोलता समोरची बाई एकटक पंख्याकडे बघू लागते, आवाज बुडतो. अशा वेळी तयारीचा थेरपिस्ट ‘पुढे काय झालं?’ विचारत नाही. ‘पाय जमिनीला टेकलेत, जाणवतंय का? खोलीतल्या निळ्या वस्तू सांगा पाहू,’ असं म्हणत तिला वर्तमानात आणतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये मांडलेला क्रम आजही शिकवला जातो: आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि शोक, मग माणसांशी पुन्हा नातं.

डिसोसिएशनसारखं दिसणारं सगळंच आजार नसतं. कुणी ‘अंगात येतं’ म्हणालं, तर लगेच आजाराचा शिक्का मारायचा नसतो. ते परंपरेचा भाग आहे, की नकोसं असून रोजचं जगणं विसकटतंय, हे विचारावं लागतं.

वाट कशी?

आधी पदवी, मग मानसशास्त्रात एमए किंवा एमएस्सी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं, तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी हवी. या वाटेवरची नेहमीची पदवी एम.फिल. होती; यूजीसीने २०२२ च्या नियमावलीत ती बंद केल्याने या वाटेवर बदल होत आहेत. प्रवेशाआधी परिषदेची ताजी यादी बघाच. ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी उपचारपद्धती) यासारखी आघातासाठीची प्रशिक्षणं यानंतर घ्यायची. पायाभूत शिक्षणाशिवाय केलेला वीकेंड कोर्स रुग्णाच्या जिवाशी खेळ ठरू शकतो.

पालकांसाठी

सुरुवातीची कमाई बेताचीच असते, घाई करू नका. मुलीच्या मनाची काळजी घेणारी व्यवस्था म्हणजे सुपरव्हिजन: अनुभवी थेरपिस्टसमोर आपल्या केसेस आणि स्वतःवर झालेला परिणाम नियमित मांडणं. म्हणून संस्थेत चौकशी करताना फीआधी हे विचारा: प्रत्यक्ष रुग्णांसोबत किती तास काम मिळेल, सुपरव्हिजन कोण देईल आणि दर आठवड्याला मिळेल का? नीट उत्तर मिळालं नाही, तर दुसरी संस्था शोधा.