ड्रोन का कोसळले? उड्डाण-नोंदींची साक्ष

विमानास अपघात झाला की प्रथम शोध घेतला जातो तो ‘ब्लॅक बॉक्स’चा, हे वृत्तपत्रे वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. ड्रोनमध्ये अशी वेगळी, अभेद्य पेटी सहसा नसते. परंतु त्याच्या नियंत्रक-संगणकात उड्डाणाची नोंद क्षणाक्षणाला होत असते. तंत्रज्ञ तिला ‘लॉग’ म्हणतात. गावठाणांचे भूमापन, पिकांवरील फवारणी, पुलांची पाहणी अशा कामांसाठी ड्रोनचा वापर राज्यात होऊ लागल्यापासून ही नोंद वाचता येणे ही केवळ हौशी मंडळींची बाब राहिलेली नाही.

ड्रोन कोसळले की दोष बहुधा ते चालविणाऱ्याच्या माथी मारला जातो, किंवा वाऱ्यावर ढकलून प्रकरण मिटविले जाते. फवारणीच्या ड्रोनची किंमत लाखांच्या घरात असते आणि ते चालविणारी व्यक्ती कित्येकदा बचत गटातील, नुकतेच प्रशिक्षण घेतलेली एखादी भगिनी असते. चूक तिची, बॅटरीची की सैल झालेल्या एका स्क्रूची, हे अंदाजाने ठरविणे अन्यायाचे आहे. शिवाय खरे कारण तसेच राहिले, तर दुरुस्त होऊन आलेले यंत्रही त्याच वाटेने जाते.

आज्ञा आणि कृती

नोंद उघडली की हजारो आकडे समोर येतात. ते सारे वाचण्याची गरज नसते. प्रथम दोन रेषा एकाच आलेखावर काढाव्यात : नियंत्रकाने यंत्राकडे किती कल मागितला, आणि यंत्र प्रत्यक्षात किती कलले. निरोगी उड्डाणात या रेषा जवळजवळ एकमेकींवर बसतात. ज्या क्षणी त्यांची फारकत होते, तो क्षण महत्त्वाचा. त्याच्या आधी जे घडले त्यात कारण शोधावयाचे. त्यानंतरची उलथापालथ हा बहुतांशी परिणाम असतो. नवखा वाचक नेमका शेवटच्या दोन सेकंदांतील थैमान पाहत बसतो आणि फसतो. उलटपक्षी, जमिनीवर आदळेपर्यंत दोन्ही रेषा जुळलेल्या असतील, तर यंत्राने आज्ञा इमानाने पाळली असे समजावे. मग ती आज्ञा कोणी दिली, चालकाच्या हाताने की स्वयंचलित व्यवस्थेने, हे पाहावे. तेही नोंदीत असते.

फारकत आढळल्यास मोटरींकडे वळावे. चार मोटरींच्या ड्रोनची उजवीकडील पुढची मोटर बंद पडली असे समजा. यंत्र त्या कोपऱ्यावर झुकू लागते. ते सावरण्यासाठी नियंत्रक त्याच मोटरीस पूर्ण जोराची आज्ञा देतो आणि कर्णावरील समोरच्या मोटरीचा जोर कमी करतो. आलेखावर एक रेषा वर टेकलेली आणि दुसरी खाली आलेली दिसते. वर टेकलेली मोटर उत्तम चालत होती, असा समज येथे सहज होतो. वस्तुस्थिती उलट असते, कारण नोंदीत उतरली ती आज्ञा; प्रत्यक्षातील फेरे मोजण्याची सोय प्रत्येक ड्रोनमध्ये नसते. संशय धरावयाचा तो पूर्ण जोर मागितलेल्या मोटरीवर, तिच्या पात्यावर व तारेवर.

नोंद हवेतच तुटलेली असेल, म्हणजे शेवटच्या ओळीत ड्रोन जमिनीपासून बरेच उंच असेल, तर नियंत्रकाचा वीजपुरवठाच गेला असण्याचा संभव मोठा. बॅटरीचा दाब जोर वाढताच खाली कोसळत होता काय, हे अशा वेळी पाहावे. चुंबकीय क्षेत्राचा आकडा विद्युतप्रवाहाबरोबर वरखाली होत असेल, तर होकायंत्र तारांच्या फार जवळ बसविले गेले आहे. असे ड्रोन एका जागी स्थिर राहण्याऐवजी वाढत जाणारी वर्तुळे काढते. कंपने अतिशय वाढली तर उंचीचे गणित बिघडते आणि यंत्र कोणी न सांगता वर चढू लागते.

मंगळावरील दोन उड्डाणे

या शेवटच्या उदाहरणांत एक गोष्ट दडलेली आहे. नोंदीत जे असते ते यंत्राला ‘वाटलेले’ असते. संवेदकच चुकला, तर नोंदही तीच चूक बिनदिक्कत सांगते. याचे विलक्षण उदाहरण ‘नासा’च्या ‘इन्जेन्युइटी’ या हेलिकॉप्टरने घालून दिले. अवघ्या १.८ किलोग्रॅम वजनाचे हे यंत्र १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर प्रथम उडाले. पाच उड्डाणांची अपेक्षा असताना त्याने ७२ केली. तेथे उपग्रहांचे मार्गदर्शन नाही. खाली रोखलेला कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे घेई आणि जमिनीवरील खाणाखुणा किती सरकल्या यावरून यंत्र आपला वेग ठरवी.

२२ मे २०२१ रोजी सहाव्या उड्डाणात ते हेलकावे खाऊ लागले. कल २० अंशांहूनही अधिक झाला. नोंदी तपासता असे दिसले की, उड्डाणानंतर सुमारे ५४ सेकंदांनी एक चित्र गहाळ झाले आणि त्यापुढील प्रत्येक चित्रावर चुकीची वेळ पडत गेली. मोटरी ठीक, पाती ठीक. पण यंत्र नसलेली चूक दुरुस्त करीत होते. उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात कॅमेऱ्याची चित्रे वापरावयाची नाहीत, अशी योजना अभियंत्यांनी आधीच केलेली होती. तिनेच ते वाचले आणि ठरलेल्या जागेपासून सुमारे ५ मीटरांच्या आत उतरले.

१८ जानेवारी २०२४ रोजी झालेले ७२ वे उड्डाण मात्र अखेरचे ठरले. १२ मीटर वर जाऊन परत यावयाचे, एवढेच काम होते. १९ व्या सेकंदास ते उतरू लागले आणि ३२ व्या सेकंदास जमिनीवर आले तेव्हा संपर्क तुटलेला होता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जुळला. काही दिवसांनी यंत्राच्याच कॅमेऱ्याने टिपलेल्या सावलीत पात्यांची टोके मोडलेली दिसली. पाती जमिनीवर आपटून मोडली, असा तर्क सहज सुचण्यासारखा होता. तपास जवळजवळ वर्षभर चालला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे निष्कर्ष जाहीर झाले. उड्डाणाच्या वेळी पाठविलेल्या माहितीनुसार, सुमारे २० सेकंदांनंतर कॅमेऱ्यास पुरेशा खुणाच सापडत नव्हत्या. खाली जेझेरो विवरातील वाळूच्या एकसारख्या लहरी होत्या. आडवा वेग चुकीचा मोजला गेला, वाळूच्या उतारावर यंत्र आदळले व एकदम कलंडले. त्या झटक्याचा भार भरवेगाने फिरणाऱ्या पात्यांना सोसला नाही आणि चारही पाती टोकापासून सुमारे एक-तृतीयांश अंतरावर मोडली. मग कंपने वाढली, एक पाते मुळापासून उखडले, विजेची मागणी भरमसाट झाली आणि संपर्क गेला. तज्ज्ञांनी या क्रमास ‘सर्वांत संभाव्य’ एवढेच म्हटले. उपलब्ध माहितीत अन्य शक्यताही बसतात, हे त्यांनी लपविले नाही. सोळा कोटी किलोमीटरांवरून केलेल्या तपासात हा संयम उठून दिसतो.

खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्यावर विसंबणारी लहान ड्रोन संथ पाण्यावर किंवा एकसारख्या रंगाच्या जमिनीवर अशीच भरकटू शकतात. तेव्हा कोठेही अपघात झाल्यास यंत्र लगेच पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह आवरावा. प्रथम बॅटरी सोडवावी, मोडलेल्या भागांची ते पडले तेथेच छायाचित्रे घ्यावीत, आणि आवाज बदलला होता काय, यंत्र कोणत्या बाजूस कलले, हे पाहणाऱ्यांकडून ताबडतोब लिहून घ्यावे. त्यानंतर मेमरी कार्डावरील नोंदीची प्रत काढून मूळ नोंद जपून ठेवावी.