बालग्रह की आजार?

ताप चढताच मूल डोळे फिरवते, हातपाय झटकते. म्हातारी माणसे म्हणतात, "बालग्रह झाला." लगेच पत्रिका निघते, शनी-राहू सापडतात, शांती ठरते.

'ब्रह्मजाल सुत्ता'त ग्रह-नक्षत्रांवरून भाकिते सांगून पोट भरणे ही हीन विद्या मानली आहे. प्रतीत्यसमुत्पाद शिकवतो : कारणावाचून कार्य नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना नुसत्या तापानेही झटके येतात. पण मेंदूज्वरातही तसेच येतात. हा भेद पत्रिकेला कळत नाही.

मुलाला कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, कांदा हुंगवू नका. झटका 5 मिनिटांत न थांबल्यास तडक रुग्णालय गाठा. थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मुहूर्तासाठी थांबणे मुलाच्या जिवावर बेतू शकते.