चुलवाणांतील उष्णतेचा हिशेब

कोल्हापूरच्या वायव्येस असलेला जोतिबाचा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारें ३,००० फूट उंच आहे. तेथें पाण्यास आधण १०० अंशांवर न येतां सुमारें ९७ अंशांवरच येतें; कारण उंचावर हवेचा दाब कमी असतो. दाब, उष्णता व काम यांचा परस्परसंबंध सांगणाऱ्या शास्त्रास उष्मागतिशास्त्र म्हणतात. तें केवळ यंत्रशाळेचें शास्त्र आहे असा समज आहे. परंतु पायथ्याच्या प्रत्येक गुऱ्हाळास तें लागू पडतें, हें आम्ही येथें दाखवूं इच्छितों.

१०० किलो चांगल्या रसापासून सुमारें २० किलो गूळ होतो. म्हणजे ८० किलो पाणी आटवावें लागतें. एक किलो पाणी एक अंशानें तापविण्यास लागणारी उष्णता एक उष्मांक मानिली, तर आधण आलेल्या एक किलो पाण्याची वाफ करण्यास ५४० उष्मांक लागतात. रस तापविण्याचा खर्च धरून एकंदर बेरीज सुमारें ५०,००० होते. वाळलेलें चिपाड किलोस सुमारें ३,५०० उष्मांक देतें. तेव्हां १४-१५ किलो चिपाड पुरावयास हवें. प्रत्यक्षांत साध्या चुलवाणांत त्याच्या दुप्पट-तिप्पट जळतें. उरलेली उष्णता धुरांतून व भिंतींतून जाते. आणि कामीं आलेली उष्णताहि अखेर काहिलीवरील वाफेबरोबर आकाशांत जाते.

साखर कारखान्यांत ही वाफ वायां जाऊं देत नाहींत. अमेरिकेंतील नॉर्बर्ट रिल्यू या इंजिनियरानें १८४३ सालीं ज्या युक्तीचें पेटंट घेतलें, तींत एका भांड्यांतील रसाची वाफ दुसऱ्या भांड्यास तापविते. दुसऱ्या भांड्यांतील दाब कमी केलेला असतो. म्हणून जोतिबावरील पाण्याच्याच न्यायानें तेथील रस कमी उष्णतेवर उकळतो. अशीं चार भांडीं असल्यास एक किलो वाफेनें सुमारें चार किलो पाणी आटतें.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील राणे व जबडे यांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत निराळीच वाट धरिली. रस थंड करून त्यांतील पाणी बर्फाच्या रूपानें काढावयाचें. पाणी गोठवितांना किलोमागें ८०च उष्मांक काढावे लागतात. रसाची दाटी शेंकडा २० वरून ४० वर नेली, तर ८० किलोंपैकीं ५० किलो पाणी विस्तवाविना निघून जातें. त्या यंत्रास वीज लागते, हें मात्र विसरूं नये.

दगडी कोळसा जाळल्यानें कोट्यवधि वर्षें पुरलेला कार्बन हवेंत येतो. चिपाडांतील कार्बन उसानें त्याच पिकाच्या वाढींत हवेंतून घेतलेला असतो. कार्बनाचें नक्त उत्सर्जन २०७० पर्यंत शून्यावर आणण्याचें भारतानें २०२१ सालीं ग्लासगो येथें जाहीर केलें. वाचलेलें चिपाड बॉयलरांत कोळशाची जागा घेऊं शकतें. उलट तें अपुरें पडलें म्हणजे जळण विकत घ्यावें लागतें, व तेवढा पैसा गुळाच्या उत्पन्नांतून वजा होतो.

म्हणून आमच्या शेतकरी बांधवांस विनंति, कीं चिपाड पुरतें वाळवूनच जाळावें. ताज्या चिपाडाचें निम्में वजन पाण्याचेंच असतें. जाळ थोडाथोडा व सतत घालावा. काळा धूर म्हणजे न जळलेलें जळणच होय. धुराच्या वाटेवर दुसरी काहील बसवून पुढील रस तापवून घ्यावा. प्रत्येक काहिलीस लागलेलें चिपाड तोलून वहींत मांडावें. चुलवाण बदलण्यापूर्वीं कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.

शिक्षकांसहि एक सूचना. हें शास्त्र वाफेच्या एंजिनाबरोबरच गुऱ्हाळावरूनहि शिकवावें. म्हणजे शेतकऱ्याचीं मुलें पुस्तकांतील हिशेब घरच्या चुलवाणावर पडताळून पाहतील, आणि त्यांतील गळती स्वतःच बुजवितील.